शरदातील सुखरात्री

भाद्रपद सरतो, घटस्थापनेचा नंदादीप घरात तेवू लागतो, आणि एखाद्या सायंकाळी सहज बाहेर पाहावे तो अंगणात अंधार केव्हाच उतरलेला असतो. कालपरवापर्यंत याच वेळी मुले खेळत होती. आज त्यांची आई दारात उभी राहून त्यांस हाका मारीत आहे. दिवस लहान होऊ लागल्याचे वर्तमान पंचांगापूर्वी या हाकेने कळते. पुण्यात ऑगस्टच्या मध्यास सुमारे सात वाजता मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या मध्यास सहाच्या सुमारास मावळतो. अवघ्या तासाभराचा हा फरक स्टॉकहोमच्या नागरिकास हसण्याजोगा वाटेल; कारण त्याच्या नगरीत डिसेंबर महिन्यात तीनचे ठोके पडण्याच्या आतच सूर्यबिंब क्षितिजाखाली गेलेले असते. परंतु ज्या घरात दिव्याचे तेल पळीने मोजून घालीत, त्या घरास एक तासाचा अंधार ही लहान गोष्ट नव्हती. रोज एक तास अधिक दिवा जाळावा, अथवा रोज एक तास अधिक काळोखात बसावे, यांपैकी एकाची निवड त्यास करावी लागे.

या वाढत्या अंधाराच्या दिवसांत आपल्या पूर्वजांनी कोणकोणती लहानसहान सुखे शोधून काढली, याचा थोडासा मागोवा घ्यावा असे आमच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते. राजांच्या लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. पानसुपारीचा, शोभेच्या दारूचा, दिवाळीतील पणतीचा इतिहास लिहिणारे विरळा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कै. परशुराम कृष्ण गोडे हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. त्यांनी तांबुलाचा, आतषबाजीचा आणि दिवाळीचाही इतिहास जुन्या पोथ्यांतून कण कण वेचून सिद्ध केला. त्यांनी पाडलेल्या वाटेवरून चार पावले चालावयाची, इतकाच आमचा अधिकार आहे.

दिवाळी हे नाव आपणांस इतके जवळचे झाले आहे, की या रात्रीस पूर्वी दुसरी नावे होती हे आपण विसरूनच गेलो आहोत. वात्स्यायनाने सुमारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात आपल्या सूत्रग्रंथात नागरकाच्या क्रीडा सांगताना सर्व देशभर चालणाऱ्या तीन उत्सवांची नावे दिली आहेत. यक्षरात्री, कौमुदीजागर आणि सुवसंतक ही ती तीन. त्यांपैकी पहिले दोन शरद ऋतूतील होत. तेराव्या शतकातील टीकाकार यशोधर यक्षरात्रीचा अर्थ ‘सुखरात्री’ असा देतो आणि त्या रात्री लोक बहुधा द्यूत खेळत असे सांगतो. कौमुदीजागर म्हणजे आश्विनी पौर्णिमेचे जागरण. त्या रात्री चांदणे अत्यंत खुललेले असते, म्हणून झोपाळे बांधावयाचे आणि फासे टाकावयाचे. आमच्या कोजागरीचे हे पूर्वरूप होय. दूध आटविण्याचा उल्लेख तेथे नाही. तथापि चांदण्यात जागत बसण्याची हौस मात्र तीच आहे. याच प्रकरणात वात्स्यायनाने प्रांतोप्रांतीच्या आणखी काही खेळांची यादी दिली आहे. कोठे उसाची कांडी मोडून खाणे, कोठे कमळाचे देठ खाणे, कोठे झाडावरील कोवळी फळे विस्तवावर भाजून खाणे. ही यादी वाचताना आम्हांस मार्गशीर्षातील हुरड्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. शास्त्रकारांनी ज्या पुस्तकाकडे भिऊन पाहिले आणि उल्लू माणसांनी भलत्याच हेतूने पाहिले, त्यात शेतावर बसून भाजलेले खाण्याचे सुख नोंदलेले असावे, ही मोठी मौज आहे.

सुखरात्री हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वैभवाची रात्र नव्हे, विजयाची नव्हे, सुखाची रात्र. काश्मीरच्या नीलमतपुराणात हेच नाव किंचित निराळ्या रूपात येते, आणि तेथे त्याचा अर्थ अधिकच उजळतो. तो शब्द आहे ‘सुखसुप्तिका’, म्हणजे सुखाने झोपण्याची रात्र. नीलमतपुराण हा इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकाच्या सुमारास रचला गेलेला ग्रंथ असावा असे विद्वान मानतात. बाराव्या शतकाच्या मध्यास राजतरंगिणी लिहिणाऱ्या कल्हणाने आपल्या आधारग्रंथांत त्याची गणना केली आहे. या पुराणातील मूळ कथा येथे थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण दिवस लहान होऊ लागल्यावर माणसाच्या मनात काय काय उठते, याचे इतके सरळ चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही.

काश्मीरची भूमी सरोवरातून वर आली तेव्हा तेथे नाग राहत होते. कश्यपाने त्यांस सांगितले, की मनुष्यांस येथे राहू द्या. नागांनी ते नाकारले. तेव्हा कश्यप कोपला आणि म्हणाला, की मनुष्य नको असतील तर पिशाचांबरोबर राहा. नागराज नीलाने पुष्कळ विनवण्या केल्यावर वर्षाची वाटणी ठरली. सहा महिने माणसे आणि सहा महिने पिशाच. पिशाचांचा अधिपती निकुंभ चैत्री पौर्णिमेस आपले सैन्य घेऊन वाळूच्या समुद्रातील दुष्ट पिशाचांशी लढावयास निघून जाई, आणि आश्विनी पौर्णिमेस परत येई. तो येण्यापूर्वी माणसांनी धान्य गोळा करावे आणि दरी सोडून जावे, असा क्रम होता. आमच्याकडे ज्या रात्री आम्ही केशर घातलेल्या दुधात चंद्र पाहतो, त्याच रात्री काश्मीरच्या कथेत पिशाचांची पालखी येते! अर्थात कथेचा गाभा उघड आहे. आश्विनानंतर त्या दरीत थंडी, धुके आणि अंधार यांचे राज्य सुरू होई आणि ते माणसास सोसवत नसे. त्या राज्यास कथाकाराने पिशाचांचे नाव दिले, इतकेच.

अशी चार युगे लोटली. मग एका वर्षी चंद्रदेव नावाचा एक वृद्ध ब्राह्मण इतर लोकांबरोबर गेलाच नाही. वृद्धापकाळामुळे म्हणा, अथवा विरक्तीमुळे म्हणा, तो मागे राहिला. पिशाचांनी त्याची विटंबना केली, थंडीने त्याचे हाल झाले, आणि भटकत भटकत तो नीलाच्या स्थानी येऊन पोहोचला. त्याने नीलाजवळ वर मागितला, की यापुढे माणसांस बाराही महिने येथे राहता यावे. त्याने ऐश्वर्य मागितले नाही, मोक्षही मागितला नाही; घर सोडून जावे लागू नये एवढेच मागितले. नीलाने तो वर दिला. परंतु एका अटीवर, की आपण सांगू ते आचार आणि उत्सव लोकांनी पाळावेत. चंद्रदेव हिवाळाभर नीलाच्या घरी राहिला आणि ते सर्व आचार शिकला. चैत्रात लोक परतले तेव्हा त्याने ती हकीकत राजा वीर्योदयास सांगितली.

आता या कथेकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? अंधाऱ्या ऋतूत टिकून राहण्याचा उपाय म्हणून त्या लोकांनी तटबंदी सांगितली नाही, शस्त्रे सांगितली नाहीत. सणांची एक यादी सांगितली. आणि त्या यादीत कार्तिकातील अमावास्येची सुखसुप्तिका आहे. उत्तरेकडील गणनेचा हा कार्तिक. आमची ती आश्विन अमावास्या. त्या दिवशी बालके आणि रोगी यांखेरीज इतरांनी दिवसा उपोषण करावे, सायंकाळी लक्ष्मीची पूजा करावी आणि मग दिवे लावावेत. कोठे? देवालयांत, चवाठ्यांवर, श्मशानात, नदीकाठी, डोंगरावर, घरांत, वृक्षांच्या मुळांशी, गोठ्यांत, अंगणांत. बाजारातील दुकाने वस्त्रांनी शृंगारावीत. नंतर आप्तेष्ट, ब्राह्मण आणि आश्रित यांसह भोजन करावे. दुसऱ्या दिवशी अलंकार घालून द्यूत खेळावे, गाणे ऐकावे, शय्यागृह सजवावे, मित्रांस नवी वस्त्रे द्यावीत. गोठ्यातील दिव्यापासून श्मशानातील दिव्यापर्यंत एकही अंधारा कोपरा या विधिकाराने सुटू दिलेला नाही. ज्या ज्या ठिकाणी माणसास भय वाटते, त्या त्या ठिकाणी त्याने एकेक दिवा ठेविला आहे.

याहून मनोहर असा एक उत्सव पुढे येतो. पहिले बर्फ पडेल त्या दिवशी काय करावे, हेही नीलाने सांगून ठेविले आहे. हिमालयाची आणि हेमंत-शिशिर ऋतूंची पूजा करावी, जाड लोकरीची वस्त्रे पांघरावीत, मित्रमंडळींस जमवून त्या नव्या बर्फावर बसावे, उत्तम भोजन करावे, गाणे-नाचणे ऐकावे-पाहावे, आणि जे मद्य पितात त्यांनी नवे मद्य प्यावे. ज्या बर्फाच्या भयाने माणसे एके काळी दरी सोडून पळत, त्याच बर्फावर आसन मांडून बसावयाचे! पुराणकारास विनोदाचे अंग होते की काय, हे आम्ही सांगू शकत नाही. तथापि ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने हिवाळे पुष्कळ पाहिले होते यात शंका नाही.

काश्मीरातून पाटलिपुत्रात यावे, तर तेथे एक निराळेच दृश्य दिसते. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसाचा तिसरा अंक आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी महाविद्यालयात अभ्यासिला असेल. सम्राट चंद्रगुप्त सुगांग प्रासादावर चढून नगराकडे पाहतो. शरद ऋतूची पौर्णिमा आहे, कौमुदीमहोत्सव व्हावा अशी त्याची आज्ञा आहे. परंतु नगरात उत्सवाचे चिन्ह नाही. चौकशी करता कळते, की चाणक्याने तो बंद केला. मग चाणक्यास बोलावणे जाते आणि गुरुशिष्यांचे ते प्रसिद्ध भांडण होते. शत्रू चालून येण्याच्या बेतात असता ही वेळ दुर्ग सिद्ध करण्याची आहे, उत्सवाची नव्हे, असे चाणक्य बजावतो. हे भांडण खोटे आहे, शत्रूच्या हेरांनी ते ऐकून फसावे म्हणून रचलेले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. पण राक्षसासारखा मुरलेला मुत्सद्दी या भांडणास खरे मानतो, हे विचार करण्याजोगे आहे. राजा आणि अमात्य यांची फूट पडावयास कौमुदीमहोत्सवाची बंदी हे कारण त्यास पुरेसे वाटले. ज्या काळी हे नाटक रंगभूमीवर आले, त्या काळच्या प्रेक्षकांसही ते पुरेसे वाटले असले पाहिजे. एरवी नाटकच उभे राहते ना. लोकांची चांदण्याची एक रात्र हिरावून घेणे हे राजकारण्यास सोपे असेल. ती गोष्ट लोक मनात ठेवतात, हे विशाखदत्तास माहीत होते. चाणक्याच्या बुद्धीविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे. तरीही प्रत्येक वेळी तो अंक वाचताना आमचे मन त्या ओसाड रस्त्यांवरच घुटमळते, हे कबूल केले पाहिजे.

हर्षाच्या नागानंदात ‘दीपप्रतिपदुत्सव’ येतो आणि त्या निमित्ताने नवविवाहित जोडप्यास भेटवस्तू देण्याचा विचार सासरघरी चाललेला दिसतो. हर्षाचा काळ सातव्या शतकाचा पूर्वार्ध. म्हणजे जावयास दिवाळसण करण्याची चिंता चौदाशे वर्षांइतकी जुनी झाली! ज्यांच्या घरी उपवर कन्या आहेत त्यांस यातून समाधान मिळेल की धास्ती वाढेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परक्या मनुष्याच्या डोळ्यांनी पाहिलेली दिवाळी हवी असेल, तर अल्बेरुनीकडे वळले पाहिजे. इ. स. १०३० च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात तो लिहितो, की या दिवशी हिंदू लोक स्नान करतात, चांगली वस्त्रे नेसतात, एकमेकांस विड्याची पाने व सुपारी देतात, देवळांस जाऊन दानधर्म करतात आणि दोन प्रहरपर्यंत खेळतात-बागडतात. रात्री ठिकठिकाणी इतके दिवे लावतात, की हवा अगदी निर्मळ होते. पुढे तो बळीची कथा देतो. लक्ष्मी वर्षातून एक दिवस सातव्या पाताळात बंदिवान असलेल्या बळीस मोकळा करते, आणि कृतयुगातील सुखाच्या काळाशी या दिवसाचे साम्य असल्यामुळे लोक आनंद करतात, असे तो सांगतो. आमच्या महाराष्ट्रात बळीच्या राज्याची वाट पाहत बलिप्रतिपदेस ओवाळणाऱ्या मायबहिणींनी अल्बेरुनीचे नावही ऐकले नव्हते. पण तो जे म्हणतो तेच त्या आपल्या शब्दांत म्हणत आल्या. जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा याच बळीस त्यांनी शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणिले. वर्षातून एका दिवसाची सुटका मिळालेल्या राजाची ही स्मृती कष्टकऱ्यांच्या घरांतच अधिक टिकली, यात नवल नाही.

महाराष्ट्राच्या जुन्या वाङ्मयात दिवाळी भव्य रूपाने न येता घरगुती रूपाने येते. लीळाचरित्रात दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा प्रसंग आहे. तेराव्या शतकातील त्या गद्यात तेल-उटण्याचा आणि ऊन पाण्याचा जो प्रेमळ खटाटोप आहे, तो आजही कोणत्याही घरात नरकचतुर्दशीच्या पहाटे जशाचा तसा पाहावयास मिळेल. ज्ञानेश्वरांनीही सूर्यप्रकाशाबरोबर दिवाळीची उपमा ज्ञानास योजिली. श्रोत्यांस ती तत्काळ समजावी इतका तो सण त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. पहाटेचा अंधार, चुलीवरचे हंड्यातील पाणी, अंगास झोंबणारा गारठा आणि मग ऊन पाण्याचा पहिला तांब्या: या सुखासाठी अंधार आणि गारठा हे दोन्ही अवश्य आहेत. ज्येष्ठातील भर दुपारी तोच तांब्या अंगावर घेऊन पाहावा! कोकणात आणि गोव्यात स्नानापूर्वी तुळशीपुढे कारीट नावाचे कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडण्याची चाल आहे. नरकासुराचा वध म्हणतात तो हाच. पण मुलांस त्या वधापेक्षा ते फळ फटकन फुटण्यात अधिक गोडी. त्यानंतर पोह्यांचे नाना प्रकार, नव्या भाताचे. शेतातून भात घरात आले, ही बातमी प्रथम जिभेस कळावी अशी ती योजना आहे.

आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विठ्ठलाच्या देवळात काकड आरती होते. सूर्योदयापूर्वी उठावे, तेला-तुपात भिजविलेला चिंधीचा काकडा पेटवावा आणि त्या उजेडात देवास जागे करावे. दिवस लहान होत जातो तसतसे लोक अंधारातच उठू लागतात, हे पाहून आम्हांस नेहमी कौतुक वाटते. घटत्या प्रकाशाची भरपाई झोपेतून करून घेण्याचा हा व्यवहार आहे. याच महिन्यात आकाशदीप लावावयाचा. १६१२ साली काशीत कमलाकरभट्टांनी लिहिलेल्या निर्णयसिंधूत आणि त्यानंतर १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचिलेल्या धर्मसिंधूत त्याचा विधी दिला आहे. सूर्य तूळ राशीस असता सायंकाळी तिळाच्या तेलाचा दिवा उंच खांबावर ठेवावा, असे शास्त्र सांगते. आजचे कागदी आकाशकंदील हे त्या खांबावरील दिव्याचे नातू होत. आजोबांचा उपयोग अधिक होता, असे आमचे मत आहे. रात्री उशिरा गावाकडे परतणाऱ्यास तो दुरून दिसे.

पेशवाईच्या अखेरीस दिवाळीने एकदा मोठा थाट केला, त्याचा येथे उल्लेख न करणे बरे दिसणार नाही. पेशव्यांच्या बखरीत अशी हकीकत आहे, की महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तेथील राजा लक्षावधी दिवे लावितो आणि दारूची लंका करून ती हनुमंताच्या शेपटीने जाळवितो, हे ऐकून तरुण पेशव्यास तो देखावा पाहण्याची इच्छा झाली. मग पर्वतीच्या पायथ्याशी तशी लंका उभारण्यात आली, आणि पुण्याच्या लोकांनी टेकडीवर बसून ती जळताना पाहिली. महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. तेव्हा हा प्रसंग १७९२ अथवा १७९३ च्या दिवाळीचाच असला पाहिजे. पेशवा त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचा होता. पुढे १७९५ च्या ऑक्टोबरात दसऱ्यानंतर तो शनिवारवाड्यातून खाली पडला आणि २७ तारखेस मरण पावला. दिवाळीस पंधरवडाच उरला होता. बखरकाराचे लंकेचे वर्णन वाचताना ही तारीख आम्हांस विसरता येत नाही.

परंतु थाटाच्या दिवाळीवर फार वेळ रेंगाळण्याचा आमचा विचार नाही. वर्षातील एका रात्री लक्ष दिवे लावणे हे राजास साधेल. बाकीच्या अंधाऱ्या रात्री एक दिवा कसा पुरवावा, हा प्रश्न प्रत्येक घरास होता. देशावर करडई, तीळ आणि कारळे यांचे तेल, कोकणात उंडीचे, काही ठिकाणी एरंडेल, अशी ही दिव्याची सामग्री. जे तेल दिव्यात जळते तेच बहुधा भाजीत पडावयाचे. म्हणून गरिबाच्या घरी दिवसाउजेडीच जेवण उरकून घेत. एका दिव्याभोवती सर्वांनी बसावयाचे. आजी वाती वळीत आहे, कोणी धान्य निवडीत आहे, आणि मुले दिव्याच्या वर्तुळात डोकी खुपसून गोष्ट ऐकत आहेत, असे जे चित्र आपण मोठ्या प्रेमाने रंगवितो, त्याच्या मुळाशी तेलाची काटकसर आहे. काटकसरीने माणसे जवळ आणिली हे खरे. पण ज्या सुनेस त्या वर्तुळाच्या बाहेर, धुराच्या चुलीपाशी, अंधारात भाकरी थापाव्या लागत, तिला हे चित्र कितपत गोड वाटले असेल, याचा विचार आम्हां पुरुषांनी क्वचितच केला. तिच्या वाट्याचे सुख भोंडल्याच्या फेरात होते. हस्त नक्षत्रावर सूर्य असता पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरावयाचा, माहेर-सासरची उणीदुणी गाण्यातून मोकळी करावयाची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई-गुलाबाई याच दिवसांत येतात. खिरापतीचे नाव चटकन कोणी ओळखू नये म्हणून आया काय काय युक्त्या योजीत! एखाद्या राजदरबारातही इतकी गुप्तता पाळली गेली नसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशाहून खनिज तेलाचे डबे आले आणि सायंकाळचे रूप पालटले. ‘गॅसलाइट’चे घासलेट आणि ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले, ही आपल्या भाषेची करामत. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर प्रथमच गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे लावणारा एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि त्याच्यामागून लोकांचा घोळका तोंडात बोट घालून चाले, असे सांगतात. नेमक्या शरद ऋतूतच त्यांस हे कौतुक पाहावयास मिळाले. त्याच मुंबईत एकतीस वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत ग्रंथिक सन्निपाताचा प्रादुर्भाव डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. नोव्हेंबरच्या आरंभी दिवाळी आली तेव्हा शहरात मृत्यू फिरत होता. पुढील महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. चंद्रदेवाच्या कथेतील पिशाच त्या हिवाळ्यात खरोखरच आले होते, आणि वर देणारा नील कोठेही नव्हता.

कंदिलाची काच आपल्याकडे करता यावी म्हणून झालेली धडपड हाही या इतिहासाचाच भाग आहे. दर माणशी एक पैसा अशी वर्गणी गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचला. आमच्या लहानपणी आमच्या गावात वीज आलेली नव्हती. दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच पुसण्याचे काम मुलांकडे असे, कारण मोठ्या माणसाचा हात काचेत जात नसे. चुलीतील बारीक राख, जुन्या धोतराचा तुकडा आणि तोंडाची वाफ एवढ्या साहित्यावर ती काच लखलखीत करावयाची, आणि मग ‘आज कोणी पुसली?’ असे वडिलांनी विचारण्याची वाट पाहावयाची. एकदा ती आमच्या हातून फुटली. त्या रात्री घर उघड्या चिमणीच्या धुरात जेवले, आणि कोणी आम्हांस एक शब्दही बोलले नाही; ते न बोलणे अद्याप आमच्या स्मरणात आहे.

या कंदिलाच्या उजेडानेच आमच्या मध्यम वर्गास शरदातील आणखी एक सुख मिळवून दिले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढिला आणि एक नवीन प्रथा सुरू झाली. फराळाच्या ताटाशेजारी वाचावयाचे पुस्तक येऊन बसले. लांबलेली रात्र ही वाचनाची संधी होय, हे ज्यास प्रथम सुचले त्यास व्यवहारही कळत होता आणि माणसाचे मनही. पुढे या अंकांची संख्या शेकड्यांनी वाढली. अंक घरात आला की त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा, यावरून भावंडांत होणारी भांडणे मात्र चाणक्य-चंद्रगुप्तांच्या भांडणासारखी लटकी नसत.

आता विजेच्या दिव्यामुळे सूर्य केव्हा मावळला हे शहरातील माणसास कळतही नाही, आणि कोजागरीस गच्चीवर जमलेल्या मंडळींस चंद्र रस्त्यावरील दिव्यांच्या गर्दीतून शोधावा लागतो. आम्ही अंधाराचे गोडवे गात नाही; विंचवाच्या भीतीने पाऊल चाचपून टाकण्याचे दिवस परत यावेत, असे कोण म्हणेल? तरी कार्तिकात गावी गेलो असता आम्ही पहाटे काकड्यास जातो. देवळाच्या पायऱ्यांवर दव पडलेले असते, टाळांचा आवाज अंधारातून येतो आणि परतताना हातावर लोणी-साखर मिळते. त्रिपुरी पौर्णिमेच्या सायंकाळी दगडी दीपमाळेवर खालून वर दिवे चढत जातात; उंचावरचा शेवटचा दिवा लावावयास गावातील एखादा चपळ मुलगा चढतो आणि खाली त्याची आई डोळे मिटून उभी असते. दुसऱ्या दिवशी आकाशकंदील उतरवितात. त्याच्या कागदास वाऱ्याने दोन ठिकाणी भोके पडलेली असतात. घरातील वडीलधारे त्याच्या काड्या तपासून पाहतात, ‘पुढल्या वर्षी नवा कागद लावला की चालेल’ असे म्हणतात आणि तो माळ्यावर ठेवून देतात.